कोऱ्या ठोकळ्यावर प्रवाळ रुजत नाही

महोदय,

समुद्रात सिमेंटचे ठोकळे सोडले की प्रवाळ आपोआप वाढतील, असा समज प्रवाळ पुनर्वसनाच्या बातम्यांमुळे होतो. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू चोळून मगच पेरणारा खानदेशी शेतकरी यातली उणीव चटकन ओळखेल.

प्रवाळाची अळी जेमतेम 1 मिलिमीटरची. ती तळाशी उतरते, पृष्ठभाग चाचपते, पटला नाही तर पुन्हा पोहू लागते. बऱ्याच जातींना हवे असते ते खडकावर रंगाच्या पुटासारखे बसलेले गुलाबी, चुनखडीयुक्त शेवाळ आणि त्यावरचे जिवाणू. त्यांतले स्यूडोअल्टेरोमोनास हे जिवाणू टेट्राब्रोमोपायरोल हे रसायन बनवतात; त्याने अळीचे रूपांतर सुरू होते. पण नुसते रसायन पुरत नाही. प्रयोगांत काही अळ्या कुठेही न चिकटताच बदलल्या, म्हणजे वायाच गेल्या.

म्हणून ठोकळे किंवा फरशा प्रवाळांच्या प्रजननाआधी महिना-दोन महिने खडकाजवळच्या पाण्यात मुरवाव्या लागतात. त्या आडव्या, खाली फट ठेवून बांधाव्यात आणि त्यांना खाचा असाव्यात: गुलाबी शेवाळ सावलीतल्या खालच्या बाजूला चांगले धरते, खाचेतले पिल्लू चरणाऱ्या माशांच्या दातांतून वाचते. उघड्या उन्हात फार दिवस ठेवल्यास मात्र केसाळ हिरवे शेवाळ माजते, त्यात गाळ अडकतो आणि अळी गुदमरते. सांडपाणी, खतांचा निचरा याच शेवाळाला पोसतो.

ठोकळ्यांची संख्या छापताना ते किती दिवस मुरवले होते, हेही आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावे.

— प्राणिशास्त्राचे काही शिक्षक, जळगाव