अभ्यासक्रमांची तुलना केवळ काठिण्यावर नको

मा. संपादक महोदय,

महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी करून घेणाऱ्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, ब्रिटिश पद्धतीचा ए लेव्हल आणि अमेरिकेतील एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) या अभ्यासक्रमांपैकी सर्वांत कठीण कोणता, एवढीच चर्चा होत राहते, ही मला चिंतेची बाब वाटते. तिन्हींची घडणच वेगळी आहे. 1968 मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या संस्थेचा आयबी डिप्लोमा दोन वर्षांचा असून त्यात सहा विषय, ज्ञानमीमांसेचा (ज्ञान म्हणजे काय आणि ते कसे मिळते याचा) अभ्यास, 4,000 शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध आणि सेवाकार्यासह कला-क्रीडा उपक्रम हे सारे अनिवार्य असते. ए लेव्हलचे विद्यार्थी बहुधा तीनच विषय निवडतात, पण त्यांत खोलवर जातात. अमेरिकेतील कॉलेज बोर्डाच्या एपीमध्ये मात्र एखाद्याच विषयाची परीक्षा देता येते. तिचे गुण 1 ते 5 या श्रेणीत मिळतात आणि चांगल्या गुणांवर अनेक महाविद्यालये श्रेयांक देतात.

ज्या मुलाला गणित आणि भौतिकशास्त्राचीच ओढ आहे, त्याच्यावर सहा विषयांचा भार टाकणे मला अन्यायकारक वाटते. तरीही आयबीतील दीर्घ निबंध मी फार मोलाचा मानतो, कारण स्वतःचा प्रश्न मांडून महिनोनमहिने त्याचा पाठपुरावा करण्याची सवय उच्च शिक्षणात पदोपदी उपयोगी पडते, आणि ती केवळ लेखी परीक्षांच्या तयारीतून लागत नाही. शाळांनी कोणताही अभ्यासक्रम स्वीकारण्यापूर्वी आपल्या शिक्षकांचे प्रशिक्षण कितपत झाले आहे आणि विद्यार्थ्यांना विषय बदलण्याची मुभा कधीपर्यंत राहील, हे पालकांना लेखी कळवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक शिक्षक