मासिक वाचननोंदीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने आपल्या वैयक्तिक वाचनाची नोंद ठेवावयाची असून, ती त्यापुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी नेहमीच्या जागी होणाऱ्या बैठकीस सोबत आणावयाची आहे. नोंद वहीत करावी की मोबाइलवर, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१. पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, तसेच वाचन सुरू केल्याची व संपविल्याची तारीख लिहावी.

२. अर्धवट सोडलेली पुस्तके वगळू नयेत. आपण कोठे थांबलो आणि का, हे एका वाक्यात लिहिल्यास पुढचे पुस्तक निवडताना पूर्ण केलेल्या पुस्तकांच्या यादीपेक्षा तीच नोंद बहुधा अधिक उपयोगी पडते.

३. पृष्ठसंख्या आवृत्तीनुसार बदलते आणि ई-पुस्तकात अक्षरांचा आकार वाढविला तरी पाने वाढतात. त्यामुळे पानांची बेरीज करून कोणीही इतरांशी तुलना करू नये. ऑडिओबुक ऐकल्यास तास लिहावेत.

बैठकीत नोंदी तपासल्या जाणार नाहीत. मात्र आपल्या यादीतील एका पुस्तकाविषयी प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावयाचे आहे. अनुपस्थित राहणाऱ्यांनी तसे आदल्या दिवसापर्यंत कळवावे.

— संयोजक