गच्चीवरील भाजीपाल्याच्या जाळीबाबत अध्यक्षांना पत्र

दि. २८ एप्रिल २०२५, नागपूर

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : गच्चीवरील हिरवी जाळी जूनच्या मध्यापर्यंत ठेवू देण्याबाबत

महोदय,

गच्चीवरील हिरव्या जाळ्या ३० एप्रिलपूर्वी उतरवाव्यात आणि गच्चीवरचा नळ उन्हाळाभर बंद राहील, अशी सूचना फलकावर लागली आहे. पाण्याची ओढ सगळ्यांनाच आहे, त्यामुळे नळाबद्दल माझी तक्रार नाही. जाळीच्या बाबतीत मात्र समितीने फेरविचार करावा, अशी विनंती आहे.

माझ्या चौदा पिशव्यांत सध्या भेंडी, गवार, चवळी आणि ढेमसाचे दोन वेल आहेत. ही उन्हाळ्याचीच पिके असली, तरी ती शेतातल्या मातीत तग धरतात. तापलेल्या स्लॅबवर, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांची गत वेगळी होते. गेल्या मे महिन्यात वाळलेले वांग्याचे झाड पिशवीतून काढले, तेव्हा पश्चिमेकडच्या, म्हणजे दुपारचे ऊन खाणाऱ्या बाजूच्या मुळ्या तपकिरी होऊन हाताला लागताच तुटत होत्या आणि पूर्वेकडच्या मात्र पांढऱ्या, जिवंत होत्या. माती दोन्हीकडे ओलीच होती. भर दुपारी पाने मान टाकतात ती पुष्कळदा पाण्याच्या कमतरतेने नव्हे, तर मुळ्यांना पाणी पुरवता येईल त्याहून अधिक वेगाने ते पानांतून उडून जाते म्हणून. अशा वेळी घाबरून आणखी पाणी ओतले की मुळ्या कुजतात. ही चूक मी स्वतः केली आहे, तीही दुपारी दोन वाजता, उन्हात पडलेल्या पाइपातल्या चटका बसेल अशा पाण्याने. टोमॅटोचा नाद तर मी सोडूनच दिला. पारा चाळिशीपार गेला की त्याची फुले देठाच्या सांध्याशी पिवळी पडून गळतात. सांबार, म्हणजे कोथिंबीरही मार्चअखेर तुऱ्यावर येते.

पन्नास टक्के सावलीची जाळी असली, की तीन बादल्यांत चौदा पिशव्यांचे भागते. हे पाणी मी तांदूळ-भाज्या धुऊन उरलेले, सूर्योदयापूर्वी घरातूनच नेते. फिल्टरचे टाकाऊ पाणी क्षारांमुळे मातीवर पांढरा थर धरते, म्हणून ते कुंड्यांना न घालता फरशी पुसायला वापरते. पिशव्यांत वाळल्या पाल्याचे चार बोटे आच्छादन आहे. जाळी काढली तर एवढे पाणी पुरणार नाही, म्हणजे नळ बंद ठेवण्याचा हेतूच मागे पडेल.

समितीची वादळाची भीती खरी आहे. गेल्या वर्षी अवकाळी पावसाच्या वावटळीत माझ्याच जाळीचा कोपरा सुटून सोलर हीटरला गुंडाळला गेला होता. जाळी कठड्याला सुतळीने बांधली होती, तो दोष माझा. यंदा लोखंडी नळ्यांचा सहा फुटी सांगाडा केला असून, जाळी फक्त माथ्यावर आणि पश्चिमेच्या बाजूला आहे, जेणेकरून वारा आरपार जाईल. सांगाड्यासाठी स्लॅबला एकही भोक पाडलेले नाही; पाय सिमेंट भरलेल्या डब्यांत रोवले आहेत. गळतीच्या शंकेबाबत सांगायचे, तर प्रत्येक पिशवी भरल्यावर वीस किलोच्या आत असून विटांवर ठेवली आहे, खाली तबक आहे, आणि गच्चीखालची सदनिका माझीच आहे.

तरी २५ मेपासूनचा नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) उलटून पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण १५ जूनपर्यंत, जाळी ठेवण्याची लेखी परवानगी मिळावी. वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी जाळी गुंडाळून ठेवण्याची हमी मी देते, आणि जाळीमुळे काही नुकसान झाल्यास ते भरून देईन. समितीने निर्णयापूर्वी एकदा पाहणी करावी. ती शक्यतो सकाळी आठच्या आत ठेवावी; त्यानंतर जाळीबाहेरच्या स्लॅबवर फार वेळ उभे राहवत नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
सदनिका क्र. ४०३ मधील सदस्य