राजहंसगडावरील अनोळखी मदतनीसांचे आभार

गेल्या डिसेंबरात येळ्ळूरच्या राजहंसगडावर भल्या सकाळी दवाने निसरड्या झालेल्या दगडावरून माझा पाय सरकला आणि तळहातावर सारा भार येऊन उजव्या मनगटाचे हाड मोडले. वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली धरून तो स्वतःच्या मफलरने माझ्या गळ्यात बांधणारे दोन तरुण, तसेच बेळगावपर्यंत खड्डे चुकवत आणूनही भाडे न घेणारे रिक्षावाले काका, यांची नावे विचारण्याचे भान मला त्या वेळी राहिले नाही. पुढे सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता; त्या काळात वहिनींनी माझी वेणी घातली, आमटीत भाकरी कुस्करून दिली (मीठ मात्र कमीच असे) आणि कन्नडभाषक शेजारीणबाईंनी रोज अंघोळीचे पाणी तापवून दिले. या सर्वांची मी मनःपूर्वक ऋणी आहे. मफलर धुऊन ठेवला आहे. ज्यांचा असेल त्यांनी तो अवश्य न्यावा.