त्या गाडीला रणगाडा म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर आठ चाकांच्या एका लष्करी गाडीचा फोटो आला. खाली ओळ होती, 'स्वदेशी रणगाडा सज्ज'. संध्याकाळी शेजारच्या वहिनी ते पान घडी करून माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांचा मुलगा केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे, छत्तीसगडात. त्यांनी विचारलं, "भाऊजी, पोराइले आता रणगाडे भेटले म्हणते. सुरुंगानं आता काही होत नाही न?"

मी 24 वर्षं सैन्याच्या ई.एम.ई.मध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. त्यातली बरीचशी जवानांना नेणाऱ्या बीएमपी-2 या चिलखती गाडीच्या इंजिनाशी आणि ट्रॅकशी, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी साखळीशी, झटण्यात गेली. तरी वहिनींना चटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

फोटोतली गाडी अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या सरकारी संशोधन संस्थेनं टाटांच्या बरोबरीनं विकसित केलेली 'व्हॅप'. 2014 साली ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. पाण्यात तरंगते. 2025 मध्ये तिच्यासाठी टाटांचा कारखाना थेट मोरोक्कोत सुरू झाला. माझी छाती अभिमानानं भरून येते, कारण आमच्या वेळी या वर्गातलं जवळजवळ सगळं मूळ रशियाचं नाहीतर झेकोस्लोव्हाकियाचं असायचं. पण ही गाडी रणगाडा नाही. रणगाडा ट्रॅकवर चालतो, आपल्या टी-90 रणगाड्याचं वजन 46 टन भरतं, आणि समोरून येणारा गोळा अंगावर घ्यायलाच त्याचा जन्म झालेला असतो. चाकांच्या चिलखती गाडीचं कवच बंदुकीच्या गोळीला आणि दूर फुटलेल्या तोफगोळ्याच्या तुकड्यांना पुरेल एवढंच. जवानांना लवकर आणि धडपणे पोचवणं हे तिचं काम.

मग चाकं कशाला? हे ज्याला विचारायचं असेल त्यानं एकदा भर पावसात तुटलेला ट्रॅक जोडून पाहावा. पिन ठोकताना हाताला घण नीट धरवत नाही, टॉर्च धरणारा कुडकुडत असतो, आणि गाडी जिथल्या तिथे उभी. मी अशा रात्री काढल्या आहेत. लांब पल्ल्यासाठी ट्रॅकच्या गाड्या रेल्वेच्या वाघिणीवर नाहीतर ट्रेलरवर चढवाव्या लागतात, नाहीतर ट्रॅकही झिजतात आणि रस्ताही फाटतो. चाकांची गाडी स्वतःच ताशी 90-100 किलोमीटरनं निघते. टायरमध्ये गोळी घुसली तरी आतल्या कडक आधारावर काही अंतर पळते. आठातली एकदोन चाकं सुरुंगानं उडाली तरी बऱ्याचदा खुरडत धोक्याबाहेर येते. ट्रॅक तुटलेल्याला ते जमत नाही.

याचा धडा आपल्याच सैन्यानं फार लवकर घालून दिला होता. 1947 मध्ये काश्मीरवर पाकिस्तानकडून टोळीवाल्यांचा हल्ला झाला, तेव्हा 7 व्या लाइट कॅव्हलरीच्या चाकांच्या डेमलर चिलखती गाड्या अंबाल्याहून निघाल्या आणि बनिहाल खिंड ओलांडून रस्त्यानं श्रीनगरला पोचल्या. 7 नोव्हेंबरला श्रीनगरजवळ शालटेंगला लेफ्टनंट नोएल डेव्हिड दोन गाड्या घेऊन वळसा घालून हल्लेखोरांच्या पाठीमागून आले. हल्लेखोरांना त्या आपल्याच मदतीला आलेल्या गाड्या वाटल्या. तोवर उशीर झाला होता. हा विजय वेगाचा होता, कवचाच्या जाडीचा नव्हे.

चाकांचा वैरी कोण, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पाऊस लागला की आपल्या काळ्या मातीत रबरी टायरची बैलगाडी आसापर्यंत रुतते, आणि भंडारा-गोंदियात धानाच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावावंच लागतं. बसल्या जागेवरून टायरची हवा कमी करायची सोय हल्लीच्या गाड्यांत असते, त्यानं फरक पडतो, पण ट्रॅकची बरोबरी होत नाही.

नाव चुकलं की काय होतं, ते युक्रेनमध्ये दिसलं. फ्रान्सनं 2023 मध्ये सहा चाकांच्या, 105 मिलिमीटर तोफेच्या एएमएक्स-10 आरसी गाड्या दिल्या. जगभर बातम्या आल्या, 'हलके रणगाडे दिले'. त्या मुळात टेहळणीच्या गाड्या. मोर्चावर पुढे गेल्या तेव्हा एकीजवळ तोफगोळा फुटला, तुकडे कवचातून आत गेले, आतला दारूगोळा पेटला आणि सगळे गेले. समोरून चढाईला ही गाडी चालत नाही, असं तिथल्याच एका मेजरनं नंतर सांगितलं.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांचा मुलगा जिच्यात बसतो ती आणखी तिसरीच, सुरुंगरोधक गाडी. या वर्गातल्या कॅस्पिर गाड्या आपण दक्षिण आफ्रिकेकडून घेतल्या होत्या. तळ होडीसारखा, म्हणजे खालचा स्फोट दोन्ही बाजूंना फाकतो. कल्पना उत्तम आहे, अनेकांचे जीव तिनं वाचवले. पण 2005 मध्ये छत्तीसगडातल्या विजापूर भागात अशीच गाडी उडवली गेली आणि 24 जण गेले. 2018 मध्ये सुकम्यात किस्टारामजवळ 9 जवान गेले. कवच वाढलं तशी रस्त्याखालची स्फोटकंही वाढवली गेली. आपल्याकडे गडचिरोलीत 1 मे 2019 ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला 15 पोलीस आणि चालक गेले, ते तर खासगी गाडीत होते. म्हणून गाडी नको असं मी म्हणत नाही, हवीच. पण पुढे पायी चालून रस्ता तपासणारी तुकडी, आम्ही आर.ओ.पी. म्हणतो ती, कोणतीही गाडी आली म्हणून टाळता येत नाही. 'रणगाडा' हा शब्द वाचून घरचे लोक निर्धास्त होतात, आणि वरचे अधिकारीही तसेच निर्धास्त झाले तर काय, ही मला खरी भीती वाटते. कृपया 'चिलखती गाडी' लिहा.

वहिनींना मी शेवटी एवढंच म्हणालो की गाडी चांगली आहे, पोराचा फोन आला की आत पट्टा बांधून बसतो का ते विचारा. तळ टिकला तरी माणूस उसळून छतावर आपटतो, मान मोडते. परवा त्यांनी विचारलं. "गरमीत जीव गुदमरते म्हणून कोणीच बांधत नाही म्हणते," असं त्या सांगत होत्या. माझ्या पत्रातलं बाकी काही कापलं तरी चालेल, पट्ट्याची ही गोष्ट मात्र ठळक छापा. तिकडेही आपला पेपर जातो.

आपला,
एक निवृत्त हवालदार (ई.एम.ई.)
कामठी रोड, नागपूर