माझ्या आप्पांची अब्रू राखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

आप्पा घरी आले, पुन्हा गोठ्यात जायला लागले, तरी ती रात्र आठवली की माझे हात थरथरतात. तेव्हा तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्याआधी ज्या दवाखान्यात नेलं, तिथे आप्पांना कोणी धड हातही लावला नव्हता. जीभ जड, डोळे मिटलेले, पाय लटपटतायत, एवढं बघून "जास्त झालीय, झोपू द्या, सकाळी उतरेल" म्हणून मोकळे झाले. गळ्यातली तुळशीची माळ दिसली नाही त्यांना? आई परोपरीने सांगत होती, गाईला गुंगीचं इंजेक्शन देताना गाय उधळली आणि भरलेली सुई यांच्या मांडीत घुसली. ऐकतंय कोण! एकाने तर विचारलं, घरात भांडण झालं का, फवारणीचं औषध प्यालेत का? द्राक्षबागायतदाराच्या घरातलं दुखणं म्हणजे हेच असणार, असं धरूनच चालतात.

नाशिकला आणलं तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी वाकून आप्पांच्या तोंडाचा वास घेतलात. मग सरळ उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "यांनी दारू घेतलेली नाही." सोबत आलेल्या भाऊबंदांनी ऐकलं, वॉर्डबॉयने ऐकलं. आई तोवर रडली नव्हती, ती तिथे रडली. आप्पा वाचतील की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांची अब्रू तुम्ही आधी वाचवलीत.

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, नाडी मंद, म्हणून तुमच्या सोबतच्या डॉक्टरांनाही कीटकनाशकाचीच शंका आली होती. तुम्ही आप्पांचं तोंड उघडून पाहिलंत, कोरडंठाक. ते विष असतं तर लाळ गळाली असती, अंग घामाने भिजलं असतं, म्हणालात. मग आईने पदराच्या गाठीतून काढून दिलेली त्या इंजेक्शनची बाटली तुम्ही दिव्याखाली धरून वाचलीत. झायलाझिन, जनावरांना गुंगी आणणारं औषध. उसात शिरलेल्या बिबट्याला केटामाइन या भुलीच्या औषधासोबत हेच देतात, हे मला नंतर कळलं. नाडी आणि बीपी फार खाली नेतं म्हणून माणसाला ते देतच नाहीत, आणि माणसासाठी त्यावर खास उतारा असा नाही. नाडी 40च्या खाली गेली की ती वाढवणारं अ‍ॅट्रोपिन, सलाइन, श्वासावर नजर आणि अंगातून औषध उतरेपर्यंत धीर. शुगर 260 आली तेव्हा आम्ही हबकलो, आप्पांना कधी शुगर नव्हती. हे औषध काही तास इन्सुलिन दाबून धरतं, शुगर आपोआप खाली येईल, असं तुम्ही आईला तिच्या भाषेत सांगितलंत. तशीच आली.

शिकलेली माणसं मी पुष्कळ बघितली. कपड्यांना शेण लागलेल्या माणसाचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारी फार थोडी. तुमच्या आईवडिलांना आमचा नमस्कार सांगा.

गावात आता मी प्रत्येक गोठ्यात सांगते, जनावराची सुई माणसाला लागली तर वाट बघू नका, बाटली घेऊन तडक मोठा दवाखाना गाठा.

ज्येष्ठात आप्पा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून निघतील. पालखी नाशकात आली की तुम्हाला भेटायला येणार आहेत. वयाने मोठे असले तरी पाया पडायला वाकतील. त्यांना अडवू नका.

तुमची,
आप्पांची थोरली