गुडघ्याच्या ऑपरेशनाआधी आई-बाबांना

नौपाडा, ठाणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी, टाके घालून का जोडत नाहीत? ते सांध्याच्या आत, गुडघ्यातल्या पाण्यात असतं. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तिच्याशिवाय टोकं सांधत नाहीत. पूर्वी नुसते टाके घालून पाहिले, पण पुष्कळांचे गुडघे पुन्हा सैल पडले. म्हणून नवी दोरी बसवतात. आई, तू घाबरू नकोस, ती माझ्याच पायातली असेल.

कुठली घ्यायची, यावर मी डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले. वाटीखालची पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढतात. हाडाला हाड लवकर धरतं, साधारण 6 आठवड्यांत, म्हणून जोरात खेळणाऱ्यांना बरेच सर्जन तीच सुचवतात. पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं, आणि माझा निम्मा दिवस बालवाडीत मुलांसमोर गुडघे टेकण्यातच जातो. म्हणून मी मांडीमागची, हॅमस्ट्रिंगची निवडली. दुमडून चार पदरी केली की साधारण 8 मिलिमीटर जाड होते. ती हाडात रुजायला जास्त वेळ घेते, पाय मागे दुमडायची ताकदही थोडी घटते. ते मला चालेल.

गुडघा पूर्ण उघडत नाहीत. दुर्बिणीतून बघत मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडतात, त्यातून दोरी ओवतात, वर धातूचं बटण आणि खाली स्क्रू लावून पक्की करतात. बोगदा जुन्या लिगामेंटच्या मूळ जागीच पडायला हवा. तो चुकला, तर दोरी कितीही चांगली असो, गुडघा लचकत राहतो. त्यामुळेच ही ऑपरेशनं नेहमी करणारे डॉक्टर मी शोधले.

उशीर होतोय म्हणून रागावू नका, बाबा. सूज उतरून पाय पूर्ण सरळ झाला की मगच करायचं, नाहीतर नंतर गुडघा आखडतो. तोवर मालीश नको.

आई, तू नक्की ये, पण माझं सगळं करू नकोस. व्यायाम मलाच करायचाय. नवी दोरी पहिले काही महिने उलट कमजोर होते, आणि नेमकं तेव्हा दुखणं थांबलेलं असतं. 9 महिन्यांच्या आत मी कबड्डीच्या मैदानाकडे निघाले, तर मला अडव. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून फिजिओने कुबड्या घेऊन जिना आत्ताच शिकवलाय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

तुमची,
ताई